नवपेगन समूहांतील नेतृत्व आणि अंतर्गत संघर्ष

नवपेगन समूहांतील नेतृत्व आणि अंतर्गत संघर्ष हा धर्माच्या समाजशास्त्रातील, तसेच पेगन पुरोहितांच्या प्रशिक्षणातील एक अभ्यासविषय आहे. विसाव्या शतकात ब्रिटन, अमेरिका आणि उत्तर युरोपात ख्रिस्तपूर्व देवदेवतांची उपासना नव्याने सुरू करणारे अनेक पंथ उदयास आले. विक्का, द्रुइड पंथ आणि नॉर्स देवतांना मानणारा आसात्रू हे त्यांपैकी प्रमुख होत. या सर्वांना मिळून नवपेगन पंथ म्हटले जाते. युरोपीय मिशनऱ्यांनी 'पेगन' हा शब्द एकेकाळी हिंदूंसह अनेक बिगरख्रिस्ती समाजांसाठी वापरला. तो व्यापक अर्थ येथे अभिप्रेत नाही.

या पंथांना सर्वमान्य धर्मग्रंथ नाही, मध्यवर्ती धर्मपीठ नाही आणि पुरोहिताची नेमणूक किंवा बडतर्फी करणारी वरिष्ठ संस्थाही नाही. बहुतेक उपासना दहा-बारा जणांच्या लहान गटात होते. त्यामुळे गटात वाद उत्पन्न झाल्यास तो कोणापुढे न्यावा, आणि नेताच वादातील एक पक्ष असेल तर निवाडा कोणी करावा, हे प्रश्न या चळवळीला आरंभापासून भेडसावत आले आहेत. त्यांची निरनिराळी उत्तरे देण्याचे प्रयत्न १९५० च्या दशकापासून सुरू असून, चळवळीच्या बऱ्याचशा शाखा अशा वादांतूनच जन्माला आल्या आहेत.

समूहाची रचना

विक्का पंथातील मूळ घटकाला 'कव्हन' म्हणतात. परंपरेने कव्हनात जास्तीत जास्त तेरा सदस्य असावेत असा संकेत आहे. प्रत्यक्षात संख्या बहुधा याहून कमी असते. गटाचे नेतृत्व मुख्य पुजारीण करते आणि मुख्य पुजारी तिच्या जोडीला असतो. प्रवेश दीक्षेने मिळतो. गार्डनरीय आणि अलेक्झांड्रीय या दोन जुन्या शाखांत दीक्षेच्या तीन पायऱ्या आहेत व तिसऱ्या पायरीवर पोचलेल्या व्यक्तीला स्वतःचे कव्हन स्थापन करण्याचा अधिकार मिळतो. दीक्षेपूर्वी एक वर्ष आणि एक दिवस उमेदवारी करण्याची प्रथा अनेक ठिकाणी पाळली जाते. 'दीक्षा' या शब्दामुळे मराठी वाचकास गुरुपरंपरेची आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र विक्कामध्ये दीक्षा मिळालेली प्रत्येक व्यक्ती स्वतःच पुजारी किंवा पुजारीण मानली जाते. 'सर्वच पुरोहित' या तत्त्वाचा 'एकच नेता' या व्यवहाराशी मेळ बसवावा लागतो आणि तणावाची पहिली जागा तेथेच आहे.

दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. लहान गटात विधी चालवणे, नवागतांना शिकवणे, पैशांचा हिशेब ठेवणे आणि अडचणीत सापडलेल्या सदस्याचे ऐकून घेणे ही सारी कामे बहुधा एकाच व्यक्तीकडे असतात. बैठकाही पुष्कळदा तिच्याच घरी होतात. अशा स्थितीत नेत्याशी बिनसले तर सदस्याची उपासनेची जागा, शिक्षक आणि जवळची मित्रमंडळी ही एकाच वेळी सुटतात. विधींची गुप्तता राखण्याची शपथ घेतलेली असल्याने त्याला बाहेरच्यांकडे मोकळेपणाने गाऱ्हाणेही मांडता येत नाही. मुख्य पुजारी आणि पुजारीण हे पती-पत्नी असतील तर त्यांच्या संसारातील कलहाचे रूपांतर कव्हनातील दुफळीत होण्यास वेळ लागत नाही. मराठीत ज्याला भाऊबंदकी म्हणतात तिच्याशी या भांडणांचे बरेच साम्य आहे. फरक इतकाच, की येथे वाटणी जमिनीची नसून परंपरेच्या वारशाची असते. निरनिराळ्या कव्हनांमध्ये किंवा नेत्यांमध्ये अफवा, जाहीर आरोप व बहिष्कार यांच्या साहाय्याने चालणाऱ्या दीर्घ भांडणाला इंग्रजी पेगन वर्तुळात 'विच वॉर', म्हणजे चेटकिणींचे युद्ध, असे उपहासाने म्हटले जाते.

ब्रिकेट वूड येथील फूट

या विषयावरील चर्चेत सर्वाधिक उल्लेखिले जाणारे उदाहरण विक्काच्या अगदी पहिल्या पिढीतील आहे. आशियात नोकरी करून निवृत्त झालेले ब्रिटिश अधिकारी जेराल्ड गार्डनर (१८८४–१९६४) यांनी लंडनच्या उत्तरेस हर्टफर्डशर परगण्यातील ब्रिकेट वूड येथे एक कव्हन चालवले होते. १७३५ चा चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाल्यावर त्यांनी आपल्या पंथाविषयी उघडपणे बोलण्यास सुरुवात केली आणि १९५४ मध्ये 'विचक्राफ्ट टुडे' हे पुस्तक प्रसिद्ध केले. डोरीन व्हॅलिएन्टे (१९२२–१९९९) यांना १९५३ मध्ये गार्डनर यांच्याकडून दीक्षा मिळाली. पुढे त्या कव्हनाच्या मुख्य पुजारीण झाल्या. गार्डनर यांच्या विधिग्रंथातील, म्हणजे 'बुक ऑफ शॅडोज'मधील, अनेक भाग त्यांनी नव्याने लिहिले. आज विक्कामध्ये म्हटल्या जाणाऱ्या मजकुरातील बराच भाग त्यांच्या लेखणीतून उतरलेला आहे.

वादाचे मूळ प्रसिद्धीत होते. पंथ टिकवायचा तर तरुणांपर्यंत पोचले पाहिजे, अशी गार्डनर यांची भूमिका होती आणि ते वार्ताहरांना मुक्तपणे भेटत असत. वृत्तपत्रांतील सनसनाटी मजकुरामुळे सदस्यांच्या नोकऱ्या व कौटुंबिक जीवन धोक्यात येते, असे व्हॅलिएन्टे आणि त्यांच्या बाजूच्या सदस्यांचे म्हणणे होते. कव्हनात प्रसिद्धीच्या बाजूचा आणि विरोधातला असे दोन तट पडले. १९५७ मध्ये विरोधी गटाने काही नियमांचा लेखी मसुदा तयार करून गार्डनर यांना पाठवला. पंथाच्या वतीने कोणी, केव्हा आणि कोणाच्या संमतीने बोलावे हे ठरवून घेणे हा त्यामागचा हेतू होता.

गार्डनर यांनी उत्तर दिले, की अशा नियमांची गरज नाही, कारण पंथाचे प्राचीन कायदे आधीपासूनच अस्तित्वात आहेत. सोबत त्यांनी त्या कायद्यांची प्रत पाठवली. तिची भाषा जुन्या वळणाची होती. पण हे कायदे तोपर्यंत कोणीही पाहिले अथवा ऐकले नव्हते. त्यांतील एका कलमानुसार मुख्य पुजारिणीने वय झाल्यावर तरुण स्त्रीसाठी आपले पद आनंदाने सोडावे, अशी अपेक्षा होती. व्हॅलिएन्टे तेव्हा पस्तीस वर्षांच्या होत्या. हे कायदे गार्डनर यांनी वादापुरते रचले असावेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि त्या आपल्या सहकाऱ्यांसह कव्हनातून बाहेर पडल्या. या प्रसंगाचा वृत्तांत त्यांनी 'द रीबर्थ ऑफ विचक्राफ्ट' (१९८९) या आठवणीवजा ग्रंथात दिला आहे.

या फुटीचे महत्त्व केवळ व्यक्तिगत नाही. सदस्यांनी आपापसांत ठरवलेला नियम आणि परंपरेच्या नावाने आलेला नियम, यांपैकी कोणता श्रेष्ठ, असा तो वाद होता. परंपरेचा एकमेव साक्षीदार स्वतः नेताच असल्यामुळे त्याच्या म्हणण्याची शहानिशा करण्याचे कोणतेही साधन सदस्यांपाशी नव्हते. पुढच्या काळातील अनेक भांडणांत हाच पेच निरनिराळ्या रूपांत दिसतो. १९६० च्या दशकात अलेक्स सँडर्स (१९२६–१९८८) यांनी आपल्याला आजीकडून दीक्षा मिळाल्याचे सांगून 'चेटक्यांचा राजा' ही पदवी मिरवली, तेव्हा गार्डनरीयांनी त्यांचा दावा फेटाळला. त्यांच्या अनुयायांतून अलेक्झांड्रीय शाखा निर्माण झाली. व्हॅलिएन्टे स्वतः त्याच दशकात रॉबर्ट कॉक्रेन यांच्या गटात काही काळ होत्या. तेथेही नेत्याची एकाधिकारवृत्ती आणि गार्डनरीयांविरुद्धची त्यांची चिथावणीची भाषा असह्य होऊन त्यांनी तो गट सोडला.

गंमत अशी, की ज्या 'प्राचीन कायद्यां'मुळे फूट पडली त्यांत तंटा सोडवण्याची एक समंजस रीतही सांगितली आहे. भांडण झाल्यास मुख्य पुजारिणीने ज्येष्ठांना बोलवावे, दोन्ही पक्षांचे म्हणणे आधी स्वतंत्रपणे आणि मग एकत्र बसवून ऐकावे आणि कोणाकडेही न झुकता निर्णय द्यावा, असे ती रीत सांगते. कायद्यांचे प्राचीनत्व आज बहुतेक अभ्यासकांना मान्य नाही. तरी ज्येष्ठांपुढे सुनावणी घेण्याची ही पद्धत अनेक कव्हनांनी स्वीकारली. तक्रार ज्येष्ठांविरुद्धच असेल तर काय करावे, याचे समाधानकारक उत्तर मात्र तीत नाही.

वेगळी चूल

न जुळणाऱ्यांनी बाहेर पडून नवे कव्हन काढावे, हा मार्गही त्याच कायद्यांत सांगितलेला आहे. मधमाश्यांचे मोहोळ फुटून नवे पोळे तयार होते त्यावरून इंग्रजीत याला 'हायव्हिंग ऑफ' म्हणतात; मराठीत 'वेगळी चूल मांडणे' हा वाक्प्रचार त्यासाठी चपखल आहे. गट मोठा झाला, किंवा तिसऱ्या पायरीवर पोचलेल्या सदस्याला आपल्या पद्धतीने शिकवावेसे वाटू लागले, की मूळ गटाच्या संमतीने नवा गट निघतो. मूळ पुजारिणीशी नाते टिकून राहते आणि तिला मान दिला जातो.

स्वभाव न जुळणे, शिकवण्याच्या पद्धतीतील फरक किंवा विधींच्या तपशिलावरील मतभेद यांसाठी हा उपाय चांगला चालला. विक्काचा प्रसार झपाट्याने होण्यास त्याचा हातभार लागला, असेही म्हणता येते. परंतु फारकत हा संघर्षावरील सर्वसाधारण उपाय नव्हे. एखाद्या नेत्याने सदस्याचे शोषण केले असेल, तर पीडित व्यक्ती निघून जाते, नेता जागेवरच राहतो आणि पुढच्या उमेदवारास पूर्वीची हकिगत कळण्याचा मार्ग नसतो. गुप्ततेची शपथ येथे त्याचे संरक्षण करते. ही उणीव चळवळीच्या ध्यानात येण्यास बरीच वर्षे जावी लागली.

अमेरिकेतील महासंघ

गार्डनरीय विक्का १९६० च्या दशकात अमेरिकेत पोचल्यावर तिथे अल्पावधीत असंख्य शाखा फुटल्या. त्यांच्यात किमान एकवाक्यता आणण्यासाठी प्रकाशक कार्ल वेश्के यांच्या पुढाकाराने १९७३ मध्ये मिनियापोलिस येथे 'कौन्सिल ऑफ अमेरिकन विचेस' ही परिषद स्थापन झाली. एप्रिल १९७४ मध्ये तिने तेरा तत्त्वांचा जाहीरनामा संमत केला. मात्र अंतर्गत मतभेदांमुळे परिषद त्याच वर्षी विसर्जित झाली. संस्था टिकली नाही, पण तिची तेरा तत्त्वे आजही वापरात आहेत.

त्यापुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या 'कव्हेनंट ऑफ द गॉडेस' या महासंघाने वेगळी वाट धरली. सदस्य कव्हनांच्या श्रद्धा व विधींत हस्तक्षेप न करता त्यांना कायदेशीर धार्मिक संस्थेचे संरक्षण देणे, एवढ्यापुरतेच त्याने आपले काम मर्यादित ठेवले. निर्णय वार्षिक महासभेत सर्वसहमतीने घेतले जातात. प्रत्येक कव्हन स्वायत्त असल्याने महासंघाचा अधिकार बेताचाच आहे. एखाद्या कव्हनाच्या आत काय चालते याचा निवाडा तो सहसा करत नाही. तो दीर्घकाळ टिकण्याचे कारण बहुधा हेच असावे.

सर्वसहमतीचा प्रयोग

सॅन फ्रान्सिस्को परिसरात १९८० च्या सुमारास सुरू झालेल्या 'रिक्लेमिंग' या समूहाने नेतृत्वाच्या कल्पनेलाच आव्हान दिले. 'द स्पायरल डान्स' (१९७९) या पुस्तकाच्या लेखिका स्टारहॉक त्याच्या संस्थापकांपैकी एक होत. रिक्लेमिंगचे सदस्य अणुऊर्जाविरोधी आंदोलनांत उतरले होते. १९८१ मधील दियाब्लो कॅन्यन अणुवीज प्रकल्पाच्या नाकेबंदीत वापरलेली सर्वसहमतीची कार्यपद्धती त्यांनी धार्मिक गटातही आणली. बहुमताने ठराव न करता सर्वांना स्वीकारार्ह तोडगा निघेपर्यंत चर्चा चालते. सूत्रसंचालन, वेळेचे भान आणि सभेतील भावनिक तापमानावर लक्ष ठेवणे ही कामे आळीपाळीने वाटून घेतली जातात.

स्टारहॉक यांनी 'ट्रूथ ऑर डेअर' (१९८७) या ग्रंथात सत्तेचे तीन प्रकार मांडले: दुसऱ्यावर गाजवलेली सत्ता, आतून येणारे सामर्थ्य आणि समानांमध्ये एखाद्याच्या शब्दाला मिळणारे वजन. यांतील तिसरा प्रकार लहान गटांच्या अभ्यासात विशेष उपयोगी ठरला आहे. ज्या गटात कोणीच अधिकृत नेता नाही तिथेही काहींचे म्हणणे अधिक ऐकले जाते आणि हे वजन पदावर अवलंबून नसल्यामुळे ते काढूनही घेता येत नाही. स्त्रीवादी लेखिका जो फ्रीमन यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी 'द टिरनी ऑफ स्ट्रक्चरलेसनेस' या निबंधात स्त्रीमुक्ती गटांबाबत हाच धोका दाखवला होता. रचना नाकारल्याने सत्ता नाहीशी होत नाही, ती केवळ अदृश्य आणि म्हणून बेजबाबदार होते, असा त्यांचा युक्तिवाद होता.

रिक्लेमिंगचा पसारा वाढल्यावर या धोक्याचा प्रत्यय आला. मूळ मंडळ सॅन फ्रान्सिस्कोत होते, तर त्याच्या नावाने शिबिरे व वर्ग अमेरिकेबाहेरही भरू लागले होते. १९९७ मध्ये मंडळाने 'एकतेची तत्त्वे' हा दस्तऐवज स्वीकारून स्वतःचे विसर्जन केले आणि निर्णयाचा अधिकार लहान स्थानिक गटांच्या प्रतिनिधींकडे सोपवला. सत्ता हाती असलेल्या मंडळाने ती आपणहून सोडल्याची अशी उदाहरणे विरळच. २०१२ मध्ये या तत्त्वांतील देव आणि देवी या जोडीचा उल्लेख बदलून तेथे अनेक लिंगभावांना सामावणारी शब्दरचना करण्यात आली. त्या बदलास काही जुन्या सदस्यांचा तीव्र विरोध होता.

आइसलँडमधील उदाहरण

आइसलँडमधील 'आसात्रूआरफेलागिद' या संघटनेची घडण अगदी वेगळी आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेस १९७३ मध्ये सरकारी मान्यता मिळाली. तिथे नोंदणीकृत धर्मसंघटनांना सदस्यसंख्येनुसार राज्याकडून निधी मिळतो. त्यामुळे लेखी घटना, निर्वाचित कार्यकारिणी आणि हिशेब या गोष्टी संघटनेला टाळता येत नाहीत. विधींचे नेतृत्व 'आल्सहेर्यारगोदी' हा धर्मप्रमुख करतो. कारभार मंडळाकडे असतो. शेतकरी व कवी असलेले स्वेनबयोर्न बेन्टेनसन १९९३ मध्ये निधन होईपर्यंत धर्मप्रमुख होते. त्यांचे उत्तराधिकारी योर्मुंडुर इंगी हान्सेन यांचा कार्यकाळ अंतर्गत वादानंतर २००२ मध्ये संपला. योनिना क्रिस्टीन बेर्ग यांनी काही काळ धुरा सांभाळल्यावर २००३ पासून संगीतकार हिल्मार ओर्न हिल्मार्सन हे पद सांभाळत आहेत.

इंग्लंडमध्ये अशा प्रसंगी पंथाच्या दोन शाखा झाल्या असत्या. आइसलँडमध्ये धर्मप्रमुख बदलला आणि संघटना टिकली. २०२० च्या दशकात तिची सदस्यसंख्या पाच हजारांवर गेली. पूजेचा मान व तिजोरीची किल्ली वेगवेगळ्या हाती ठेवल्याचा हा परिणाम मानता येईल. अर्थात, दहा जणांच्या कव्हनात अशी विभागणी करणे सोपे नसते.

सत्तेचा गैरवापर आणि लेखी नियम

अमेरिकी द्रुइड लेखक आयझॅक बोनविट्स (१९४९–२०१०) यांनी १९७९ मध्ये एखादा धार्मिक गट कितपत धोकादायक आहे हे तपासण्यासाठी एक मूल्यमापन-सारणी प्रसिद्ध केली. सदस्यांच्या खासगी जीवनावरील नियंत्रण, नेत्याने सांगितलेला ज्ञानाचा दावा, पैशांची मागणी, लैंगिक दबाव, टीकेवरील बंदी, बाहेरच्या जगापासून तोडणे, गट सोडणाऱ्यास होणारा त्रास, विनोदाचा अभाव अशा कसोट्यांवर एक ते दहा गुण द्यावयाचे असतात. पुढे कसोट्यांची संख्या अठरा झाली. श्रद्धा खरी की खोटी, हा प्रश्न सारणी विचारतच नाही, केवळ वर्तन मोजते. यामुळे पेगनांप्रमाणेच इतर पंथांच्या अभ्यासकांनीही तिचा वापर केला. बोनविट्स यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या 'एडीएफ' या द्रुइड संघटनेत प्रमुखपद पुढे निवडणुकीने भरले जाऊ लागले.

न्यूयॉर्कमधील गार्डनरीय पुजारीण आणि समुपदेशक ज्युडी हॅरो यांच्या 'विक्का कव्हन्स' (१९९९) या पुस्तकाने लहान गटाच्या मानसशास्त्राचा उपयोग कव्हनासाठी करून दाखवला. गट जुळताना, वाढताना आणि मोडताना ठरावीक ताण उद्भवतात. ते नेत्याचे किंवा सदस्याचे व्यक्तिगत अपयश समजू नये, असा त्यांचा रोख आहे. ॲम्बर के यांचे 'कव्हनक्राफ्ट' (१९९८) हे अधिक व्यावहारिक असून सभासदत्वाचे नियम, वर्गणी आणि तक्रारींची हाताळणी यांवर त्यात विस्ताराने लिहिले आहे. पेगन पुरोहितांना समुपदेशन व नीतिशास्त्र शिकवणारी चेरी हिल सेमिनरी ही संस्थाही याच गरजेतून उभी राहिली.

२०१४ मध्ये अमेरिकेतील एका सुपरिचित पेगन संगीतकारास बालकांच्या लैंगिक शोषणाशी संबंधित गुन्ह्यात अटक झाली आणि त्याच्याविषयीच्या पूर्वीच्या तक्रारी का दडून राहिल्या, यावर समाजात जाहीर चर्चा झाली. २०१६ मधील 'पेगन कन्सेंट कल्चर' हा निबंधसंग्रह या काळातला आहे. त्यानंतर अनेक महोत्सवांनी व संघटनांनी संमतीविषयक आचारसंहिता आणि तक्रार नोंदवण्याची व्यवस्था केली. अशा आचारसंहितांत दोन प्रकारच्या तक्रारी वेगळ्या ठेवण्यावर भर असतो. मतभेद, रुसवेफुगवे आणि कामाची वाटणी यांसाठी मध्यस्थी योग्य ठरते. शोषण अथवा गुन्हा यांत मात्र पीडित व्यक्तीला आरोपीसमोर बसवून 'समेट' घडवणे घातक असते आणि तेथे पोलिसांकडे जाणे हाच मार्ग असतो.

प्रवेशाविषयीचे वाद

गटात कोणास घ्यावे, यावरील वाद नेतृत्वाच्या प्रश्नाशी निगडित आहेत. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे २०२० पर्यंत भरत आलेल्या 'पँथिआकॉन' या संमेलनात २०११ मध्ये केवळ स्त्रियांसाठी असलेल्या एका विधीतून पारलिंगी स्त्रियांना परत पाठवण्यात आले आणि त्यावरून मोठा वाद झाला. गटाची स्वायत्तता महत्त्वाची की सार्वजनिक संमेलनाचा खुलेपणा, असा तो प्रश्न होता.

नॉर्स परंपरेत वंशाचा मुद्दा अधिक जुना आहे. अमेरिकेतील 'आसात्रू फ्री असेंब्ली' १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोडली. त्यानंतर वंशाची अट न मानणारी 'द ट्रॉथ' ही संघटना १९८७ मध्ये स्थापन झाली, तर दुसऱ्या बाजूने वंशाधारित गट उभे राहिले. २०१६ मध्ये त्यांपैकी एका संघटनेच्या जाहीर भूमिकेनंतर अनेक देशांतील आसात्रू गटांनी 'जाहीरनामा १२७' वर सह्या करून तिच्याशी संबंध तोडले. हे नाव 'हावामाल' या जुन्या नॉर्स काव्यातील कडव्याच्या क्रमांकावरून घेतले आहे. मध्यवर्ती सत्ता नसलेल्या चळवळीत हकालपट्टीचा ठराव कोणीच करू शकत नाही. म्हणून सामूहिक बहिष्काराची जाहीर नोंद हेच त्याचे पर्यायी साधन ठरले.

अभ्यास

या समूहांच्या अंतर्गत जीवनावरील आरंभीचे महत्त्वाचे पुस्तक मार्गो ॲडलर यांचे 'ड्रॉइंग डाऊन द मून' (१९७९) हे आहे. ॲडलर या पत्रकार होत्या आणि मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर यांच्या त्या नात होत. मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुहरमन यांनी लंडनमधील गटांत राहून 'पर्सुएशन्स ऑफ द विचेस क्राफ्ट' (१९८९) लिहिले. त्यांनीच पुढे मुंबईतील पारशी समाजावर 'द गुड पारसी' (१९९६) हा ग्रंथ लिहिला. इतिहासकार रोनाल्ड हटन यांच्या 'द ट्रायम्फ ऑफ द मून' (१९९९) मध्ये ब्रिकेट वूडच्या फुटीचा विचार विक्काच्या एकूण इतिहासात केला आहे. समाजशास्त्रज्ञ हेलन बर्गर यांचे 'अ कम्युनिटी ऑफ विचेस' (१९९९) आणि रिक्लेमिंगवरील योने सालोमोन्सेन यांचे 'एन्चांटेड फेमिनिझम' (२००२) हेही या विषयातील महत्त्वाचे ग्रंथ आहेत.